स्नायूंच्या आजारात समुपदेशन नेमकं कशाचं करायचं?

चार-पाच वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना आधी हात टेकतो, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात रोवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहतो. पोटऱ्या मात्र भरलेल्या, दणकट दिसतात. घरातले म्हणतात, 'अंगानं जड आहे, होईल नीट.' शाळेतले सर म्हणतात, 'आळशी आहे.' मग कुणीतरी रक्त तपासतं, लिव्हरच्या तपासणीतले एसजीपीटी आणि एसजीओटी वाढलेले निघतात आणि काही महिने लिव्हरच्या औषधांत जातात. हे दोन्ही घटक स्नायूंतूनही रक्तात येतात. त्याच नमुन्यात स्नायूंची झीज दाखवणारं सीपीके तपासलं असतं तर ते नेहमीच्या कितीतरी पट जास्त निघालं असतं आणि स्नायू हळूहळू झिजवणाऱ्या ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीची शंका तेव्हाच आली असती.

खरं नाव कळेपर्यंत घर थकलेलं असतं. पैसा गेलेला असतो, दोन-तीन देवस्थानांचे नवस झालेले असतात आणि बहुतेक वेळा दोष कुणाच्या माथी मारायचा हेही ठरून गेलेलं असतं. या घरापुढे समुपदेशक बसतो. 'धीर धरा, देवावर भरवसा ठेवा' हे सांगायला शेजारी पुरेसे आहेत. समुपदेशकाचं काम वेगळं आहे: पुढे कोणतं वळण येणार हे आधी माहीत असणं आणि त्या वळणाची बोलणी, कागदपत्रं, निर्णय वेळेआधी करून घेणं. या आजारांची वळणं बऱ्यापैकी ठरलेली असतात, म्हणून हे जमतं.

आजार कोणता, त्यावर बोलणं ठरतं

'स्नायूंचा आजार' या एका नावाखाली फार वेगळ्या गोष्टी येतात. डिस्ट्रॉफीत बिघाड स्नायूतच असतो. एसएमए म्हणजे स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीत मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरतात. गुलियन-बारी सिंड्रोममध्ये, म्हणजे २०२५ च्या जानेवारीत पुण्यातल्या उद्रेकामुळे घरोघरी पोचलेल्या जीबीएसमध्ये, नसांवर शरीराचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते. मायस्थेनियात नस आणि स्नायू जिथे जुळतात तिथे निरोप अडतो.

जीबीएसच्या घराला सांगायचं असतं की बहुतेक रुग्ण सुधारतात, पण महिने लागतात. अतिदक्षता विभागात जागं राहून हलता न येणं ही भीती पुढे बराच काळ छळते, तिच्यावर नंतर बोलावं लागतं. मायस्थेनियाचा रुग्ण सकाळी ठीक आणि संध्याकाळी गळालेला दिसतो, म्हणून सासरी 'नाटक करते' असं बोललं जातं. तिथे समुपदेशनाचं निम्मं काम नवऱ्याला आणि सासूला हा चढउतार समजावणं हे आहे. औषधांनी हा आजार बहुतेकांत आटोक्यात राहतो. ड्युशेन आणि एसएमएत गोष्ट वर्षानुवर्षांची आहे, पुढचा बराचसा मजकूर त्यांच्याबद्दल आहे. मोटर न्यूरॉन आजाराकडे, म्हणजे मोठ्या वयात स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरतात त्या आजाराकडे, शेवटी येऊ, कारण तिथे घड्याळ फार वेगानं चालतं.

पहिली बैठक

निदान ओपीडीच्या दारात, पुढच्या रुग्णाचा नंबर पुकारला जात असताना सांगितलं जातं, ही तक्रार जवळपास प्रत्येक कुटुंबाची असते. किमान पाऊण तास हाती असलेली, दार बंद असलेली जागा हवी. आई-वडील दोघेही हवेत. एकट्या आईला सांगितलं की घरी जाऊन तेच सगळ्यांना सांगायचं ओझं तिच्यावर पडतं आणि ऐकणारे 'तुला नीट समजलं नसेल' म्हणून मोकळे होतात. खान्देशात निर्णय अनेकदा आजोबा किंवा मोठे काका घेतात. पैशाचा व्यवहार त्यांच्या हातात असेल तर त्यांनाही बोलवावं, पण आई-वडिलांची परवानगी घेऊनच.

भाषेचा प्रश्न इथे खरा आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडची पावरी किंवा भिली बोलणारी माणसं दवाखान्यातली मराठी अर्धीच पकडतात आणि मग शाळेत जाणारं मूलच दुभाषी होतं. स्वतःच्या आजाराचं निदान मुलानं स्वतःच्या आईला भाषांतर करून सांगायचं, हे कधीही होऊ देऊ नये. आशाताई, परिचारिका, दवाखान्यातला कुणी कर्मचारी, फोनवरचं कुणी, काहीही चालेल. अहिराणी घरात तर 'मना पोऱ्याले काय व्हयनं?' या प्रश्नाला त्याच बोलीत दोन वाक्यं उत्तर मिळालं की समोरचा खांदा खाली उतरतो.

बोलण्याचा क्रम असा ठेवावा. आधी त्यांना काय माहीत आहे, काय वाटतंय ते विचारायचं. मग आजाराचं नाव उच्चारायचं आणि कागदावर मराठीत लिहून द्यायचं. मग थांबायचं. या थांबण्यात बहुतेक जण चुकतात. आईच्या डोळ्यांत पाणी आलं की घाईघाईनं औषधांची माहिती सुरू करतात, जी तिच्या कानावर पडते पण आत जात नाही. पहिल्या दिवशी तीनच गोष्टी पोचल्या तरी पुष्कळ: आजाराचं नाव काय, आज आणि या महिन्यात काय करायचं, पुन्हा कधी भेटायचं. आयुष्य किती, या प्रश्नाला आकडा फेकू नये आणि उडवूनही लावू नये. 'किती जाणून घ्यायचं आहे तुम्हाला आज?' असं विचारलं तर माणसं स्वतः सांगतात.

निघताना एक प्रश्न जरूर: 'घरी गेल्यावर मोठ्या मायला काय सांगाल?' त्यांच्या तोंडून जे येईल त्यावरून काय समजलं आणि काय निसटलं ते लगेच कळतं. 'समजलं ना?' विचारलं की मान हलतेच, तिचा काही उपयोग नाही. पुढची भेट एक-दोन आठवड्यांत हवी. खरे प्रश्न घरी, रात्री सुचतात.

हीच ती वेळ जेव्हा शेत विकायचा विचार सुरू होतो. स्टेम सेलच्या लाखांच्या पॅकेजची जाहिरात कुणीतरी मोबाइलवर दाखवतं. भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्टेम सेलचा उपचार म्हणून वापर रक्ताच्या ठरावीक आजारांपुरता मान्य आहे; स्नायूंच्या आजारांत तो फक्त नोंदणीकृत चाचणीत होऊ शकतो आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. पैसे मागितले, इथेच उत्तर मिळालं. भगताकडे किंवा मनुदेवीला जाऊ नका असं सांगायची गरज नाही. एवढंच सांगावं की अंगावर डाग देऊ नका, जोरात मालीश करून सांधे ताणू नका, 'ताकद यावी' म्हणून जिने चढायला लावू नका, आणि कुणाच्याही सांगण्यावरून स्टेरॉइड एकदम बंद करू नका. महिनोन्‌महिने प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकॉर्ट ही स्टेरॉइडं घेणाऱ्या मुलाचं शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं. गोळी अचानक थांबली किंवा उलट्यांमुळे पोटात टिकली नाही तर रक्तदाब कोसळू शकतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

'माझ्यामुळे झालं का?'

हा प्रश्न आई उघड विचारते किंवा विचारत नाही, पण तो खोलीत असतोच. ड्युशेनचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईकडे एक्सच्या दोन प्रती असतात, त्यामुळे एकीत बिघाड असला तरी दुसरी काम चालवते; अशा बाईला वाहक म्हणतात. मुलाकडे एकच प्रत, तीही आईकडून आलेली. म्हणून आई वाहक असेल तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता ५० टक्के आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता ५० टक्के. 'एक आजारी झाला, आता पुढचा चांगला' असा हिशेब इथे लागू होत नाही. प्रत्येक गर्भारपणात फासा नव्यानं पडतो.

सुमारे एक तृतीयांश मुलांत हा बदल नव्यानंच झालेला असतो, आई वाहक नसतेच. आणि ती वाहक असली तरी तो बदल तिनं केला नाही, कुठल्या जेवणानं, ग्रहणानं, गरोदरपणातल्या कामानं झाला नाही. हे वाक्य नवऱ्यासमोर आणि सासूसमोर म्हटलं जावं. एकटीला सांगून उपयोग अर्धाच होतो. एक बारकावा पण सांगायलाच हवा: आईच्या रक्ताचा अहवाल निर्दोष आला तरी पुढच्या गर्भारपणात थोडा धोका राहतो, कारण बदल कधीकधी तिच्या काही बीजांडांपुरताच असतो.

एसएमएत हिशेब वेगळा. तिथे आई आणि वडील दोघेही वाहक लागतात, दोघेही ठणठणीत असतात आणि प्रत्येक बाळाला धोका २५ टक्के. नात्यातल्या लग्नांत, मामाच्या मुलीशी केलेल्या लग्नात, दोघांकडे एकच बिघाड असण्याची शक्यता वाढते, हे खरं आहे. पण नात्याबाहेर लग्न केलेल्या घरांतही एसएमए होतो. म्हणून 'आम्ही तर सोयरीक लांबची केली होती' हे वाक्य आलं की त्यांना खोटं पाडायचं नसतं.

घराचा वंशवृक्ष कागदावर काढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि त्यातून जे बाहेर येतं ते महागड्या चाचणीइतकं मोलाचं असतं. पुरुष चौकोन, बाई गोल, आजारी असेल तर आकृती भरायची, तीन पिढ्या. ड्युशेनमध्ये आईच्या बाजूला खोदायचं: आईचे भाऊ, मावशीची मुलं, आजीचे भाऊ. 'आजार होता का?' विचारलं तर उत्तर 'नाही' येतं. 'कुणी लहानपणी चालायचं थांबलं होतं का, कुणी विशीच्या आत गेलं का?' असं विचारलं की आजी म्हणते, 'त्याला तर पोलिओ झाला होता.' जुन्या पिढीत दोन्ही पाय हळूहळू गेलेल्या कितीतरी मामांवर पोलिओचा शिक्का आहे. पोलिओ काही दिवसांत येतो आणि मग तिथेच थांबतो. वर्षानुवर्षं वाढत जाणारा अशक्तपणा पोलिओ नसतो.

मग येतो सर्वांत अवघड भाग, आईच्या बहिणींना कळवणं. त्यांच्याही पोटी असा मुलगा होऊ शकतो, पण 'लेकीबाळींच्या लग्नात विघ्न' या भीतीनं घरं वर्षानुवर्षं गप्प राहतात. फोनवर हा विषय नीट निघत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोक्यावर, गौराईच्या गाण्यांत चार दिवस एकत्र असतात. अशा वेळी आईनं बहिणींशी बाजूला बसून बोलणं सोपं जातं. समुपदेशकानं तिला अर्ध्या पानाची चिठ्ठी तयार करून द्यावी: आजाराचं नाव, मुलाच्या अहवालात सापडलेला नेमका बदल, आणि 'गर्भधारणेआधी ही चाचणी करून घ्या' एवढंच. वाहक बाईचं सीपीके नॉर्मल येऊ शकतं, म्हणून त्यावर विसंबून राहू नये. मुलात सापडलेला बदल तिच्यात आहे का, ही जनुकीय चाचणीच लागते. वाहक बायकांच्या हृदयावरही काही वेळा परिणाम होतो, त्यांनी अधूनमधून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यावा. आजारी मुलाच्या अल्पवयीन बहिणीची वाहक चाचणी मात्र घाईनं करू नये. ती सज्ञान झाल्यावर तिचा निर्णय तिनं घ्यावा, हा सर्वत्र मान्य असलेला शिरस्ता आहे.

'गर्भधारणेआधी' या शब्दांवर जोर द्यायचं कारण साधं आहे. गर्भाची तपासणी वारेतून नमुना घेऊन साधारण ११ ते १३ आठवड्यांत किंवा गर्भजलातून १६ आठवड्यांनंतर होते, आणि त्याआधी घरातला नेमका बदल माहीत असावा लागतो. तो शोधायचा अहवाल यायलाच काही आठवडे जातात. पाचव्या महिन्यात आलेल्या जोडप्यापाशी वेळ उरत नाही. गर्भलिंगनिदान कायद्यानं गुन्हा आहे, पण लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारासाठी नोंदणीकृत केंद्रात केलेली तपासणी त्याच कायद्याला मान्य आहे; भीतीपोटी ती टाळू नये. आणि तपासणी केली म्हणजे गर्भपात करायलाच हवा असंही नाही. काही जोडपी फक्त तयारीसाठी जाणून घेतात. निर्णय त्यांचा, समुपदेशकानं आपलं मत खिशात ठेवावं.

मुलाला काय सांगायचं

'त्याला काही सांगू नका' हा आग्रह घरोघरी असतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आपण इतरांसारखे पळत नाही हे माहीत असतं. मोठे कुजबुजतात हेही दिसतं. हातात मोबाइल आहे आणि फाईलवर आजाराचं नाव छापलेलं आहे. तुम्ही सांगितलं नाही तर इंटरनेट सांगेल, तेही सर्वांत वाईट भागापासून.

लहान मुलाला दोन वाक्यं पुरतात: 'तुझे स्नायू लवकर थकतात. ही कुणाची चूक नाही आणि हे तुझ्यामुळे कुणाला होणार नाही.' मोठा होत जाईल तसं वाढवायचं. 'मी परत चालेन का?' असा प्रश्न आला तर आधी उलट विचारायचं, 'तुला काय वाटतं?' बऱ्याचदा त्याला उत्तर माहीत असतं, सोबत हवी असते. मग खरं, थोडक्यात: 'पाय पुन्हा पहिल्यासारखे होतील असं औषध अजून नाही. हात, श्वास आणि हृदय जास्त वर्षं चांगलं ठेवायला आपण बरंच करू शकतो.' 'होशील बरा' हे खोटं आज गोड लागतं, पण व्हीलचेअर आली की त्या दिवसापासून मूल तुमच्या कुठल्याच बोलण्यावर विश्वास ठेवत नाही. गोळ्या घ्यायला नकार तिथूनच सुरू होतो.

घरच्यांना आणि शिक्षकांना क्वचितच सांगितली जाणारी एक गोष्ट: ड्युशेनमध्ये जे प्रथिन स्नायूंत नसतं, ते डिस्ट्रॉफिन मेंदूतही काम करतं. म्हणून या मुलांत वाचन-लेखनाच्या अडचणी, चंचलपणा, ऑटिझमसारखी लक्षणं, एकाच गोष्टीवर अडून बसणं इतरांपेक्षा जास्त आढळतं. हे स्नायूंसारखं वाढत जात नाही. वर स्टेरॉइडमुळे भूक आणि चिडचिड वाढते. एका वेळी एकच सूचना देणं, बदल आधी सांगणं, खाण्याचे डबे नजरेआड ठेवणं यांनी फरक पडतो. मार देऊन पडत नाही. याउलट एसएमएतली मुलं बहुधा बोलण्यात, अभ्यासात तल्लख असतात आणि त्यांचा राग 'माझ्या वतीनं तुम्हीच का बोलता' यावर असतो.

भावंडांसाठी वेगळा अर्धा तास काढावा. धाकटीला वाटत असतं की मलाही होणार, किंवा मी भांडले म्हणून त्याला झालं. ती हे विचारत नाही, फक्त पोट दुखतं म्हणून शाळा चुकवते.

व्हीलचेअर, शाळा, दाखले

व्हीलचेअरची चर्चा चालणं थांबल्यावर नव्हे, पडणं वाढल्यावर सुरू करायची. 'खुर्ची दिली की चालणं सुटेल' ही समजूत उलटी आहे. पडून मांडीचं हाड मोडलं आणि पाय महिनाभर प्लास्टरमध्ये राहिला की राहिलेलं चालणं त्यातच संपू शकतं. लांबच्या अंतरासाठी, जत्रेसाठी, बाजारासाठी खुर्ची आणि घरात चालणं, असं सुरुवातीचं वर्ष जाऊ द्यावं. मुलाला अनेकदा सुटकाच वाटते. शोक आई-वडिलांना होतो आणि त्यालाच समुपदेशनाची जागा द्यावी लागते. शिबिरात मिळालेली खुर्ची बहुधा मोठ्या माणसाच्या मापाची असते. त्यात मूल एका बाजूला कलतं आणि पाठीचा कणा वाकायला मदत होते. बसल्यावर दोन्ही कुल्ह्यांपाशी बोटभर जागा, गुडघ्यामागे दोन-तीन बोटांची फट, पाय पायदानावर पूर्ण टेकलेले: एवढं तपासूनच सही करावी.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव घेतलेलं आहे. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी झाली की दिव्यांगांचं युनिक आयडी कार्ड मिळतं. बहुतेक सवलतींची रेघ ४० टक्के दिव्यांगत्वावर आहे. चालता येणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला त्याहून कमी टक्के मिळू शकतात. तिथे निराश होऊन फाईल बंद करू नये, आजार वाढता आहे, फेरतपासणीचा अर्ज करता येतो. ४० टक्क्यांवर ६ ते १८ वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परीक्षेत लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ मागता येतो. शाळेशी बोलताना मात्र कायद्यापासून सुरुवात करू नये: वर्ग तळमजल्यावर, संडासाला रॅम्प, मधल्या सुट्टीत कोण मदत करणार, हे तीन मुद्दे मुख्याध्यापकांसमोर लिहून ठेवले की पुष्कळ होतं. संडासाची सोय नसल्यानं मुलं सकाळपासून पाणी पीत नाहीत. मार्चनंतरच्या भुसावळ-जळगावच्या उन्हात हे अंगाशी येतं.

संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात, ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दिव्यांगांचा ५ टक्के निधी ग्रामसभेत मागायचा. लाखांच्या औषधांसाठी २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात ठरवलेल्या केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मुंबईचं परळचं केईएम रुग्णालय त्यांपैकी एक, दादरला उतरून जवळ. एसएमएचं रिसडिप्लाम हे औषध जन्मभर घ्यायचं असतं, त्याला ही रक्कम पुरत नाही, हे अर्ज भरतानाच कुटुंबाला स्पष्ट सांगावं. औषध सुरू होऊन मध्येच थांबलं की घर जे कोसळतं ते निदानाच्या दिवसापेक्षा वाईट असतं.

उदास आहे की श्वास कमी पडतोय?

पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, चालणं सुटून दोन-चार वर्षं झालेली. सकाळी उठवत नाही, डोकं दुखतं म्हणतो, जेवण कमी झालंय, अभ्यासात लक्ष नाही, कुणाशी बोलत नाही. घरचे म्हणतात डिप्रेशन, आणि समुपदेशकही तेच म्हणून मोकळा होतो. इथे थांबून विचारायचं: रात्री किती वेळा कूस बदलायला हाक मारतो? भीतीदायक स्वप्नं पडतात का? आवाज बारीक झालाय का? सर्दी छातीत उतरून आठवडे राहते का? सकाळची डोकेदुखी उठून बसल्यावर थोड्या वेळानं थांबते का? दोन-तीन 'हो' आले तर झोपेत श्वास उथळ होऊन कार्बन डायऑक्साइड साचत असण्याची दाट शंका आहे. त्याला आधी फुप्फुसांची आणि झोपेतल्या श्वासाची तपासणी हवी. रात्री श्वासाला जोर देणारं बायपॅप यंत्र मास्कनं लावलं की अनेकांची 'उदासी' काही आठवड्यांत निम्मी होते. अशा मुलाला घरी नुसता ऑक्सिजन लावणं धोक्याचं आहे: मुळात श्वास खेचणारे स्नायू दमलेले असतात, ऑक्सिजननं यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा चांगला दिसतो आणि कार्बन डायऑक्साइड मात्र चढत जातो.

मास्कची भीती घालवायला पहिल्या दिवसापासून रात्रभर लावू नये. आधी दिवसा, टीव्ही बघताना पंधरा मिनिटं, मग दुपारच्या झोपेत, मग रात्री. वीज जाते हे गृहीत धरून इन्व्हर्टर आधी, यंत्र नंतर. यंत्रावर पूर्ण अवलंबून असलेल्याच्या घरात हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग आणि ती चालवता येणारी किमान दोन माणसं लागतात.

फाईलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत एक ओळ असावी: ड्युशेनच्या रुग्णाला भूल देताना सक्सिनिलकोलीन आणि हुंगवायची भूल टाळावी. दात काढायला किंवा मोडलेलं हाड बसवायला गेलेल्या गावात डॉक्टर नवीन असतात.

सांभाळणारी

ती बहुधा आईच. रात्री दर दोन-तीन तासांनी कूस बदलायला उठणं, सकाळी चाळीस किलोचं मूल उचलून आंघोळीला नेणं, वर शेतातलं काम. कंबर आधी जाते. समुपदेशनात 'स्वतःची काळजी घ्या' म्हणणं म्हणजे तिच्या यादीत आणखी एक काम. त्याऐवजी कागदावर आठवड्याच्या रात्री मांडायच्या आणि घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे किमान एक रात्र लिहायची. वडिलांच्या नावापुढे दोन. उचलायला दोन माणसं, किंवा न उचलता चादरीवरून सरकवणं. वडील अनेकदा कामात किंवा दारूत बुडतात, बैठकीला येत नाहीत. त्यांना 'बोलायला या' म्हटलं तर येत नाहीत. 'रॅम्पचं माप घ्यायचंय', 'बायपॅपची वायरिंग बघायचीय' म्हटलं तर येतात, आणि बोलणं मग तिथेच होतं.

'आता नको वाटतं' असं रुग्ण किंवा आई म्हणाली तर सरळ विचारावं: 'मरून जावं असं मनात येतं का? काही ठरवलंय का?' विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यायचं. कपाशीच्या पट्ट्यात फवारणीचे डबे पलंगाखाली किंवा माळ्यावर असतात. ते त्याच दिवशी घराबाहेर, कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

मोठ्यांचा आजार आणि शेवटचे निर्णय

मोटर न्यूरॉन आजारात बहुतेकांना लक्षणं सुरू झाल्यापासून दोन ते पाच वर्षं मिळतात, आणि बोलणं त्याच्या बरंच आधी जाऊ शकतं. म्हणून पहिल्या महिन्यातच रुग्णाच्या आवाजात रोजच्या वापरातली वाक्यं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवावीत. बँक, सातबारा, वारस नोंद यांची कामं सही करता येते तोवर उरकावीत. कारण नसताना हसू फुटणं किंवा रडू आवरत नसणं हा मेंदूच्या नियंत्रणाचा बिघाड आहे, त्यावर औषध आहे. माणूस वेडा झालेला नसतो. पोटातून नळी टाकायची का, गळ्याला छिद्र पाडून यंत्र लावायचं का, हे अपरात्री रुग्णवाहिकेत ठरवायचे प्रश्न नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानं आणि २०२३ मध्ये सोप्या केलेल्या पद्धतीनं सज्ञान माणसाला आपली इच्छा आधी लिहून ठेवता येते: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही. ड्युशेनच्या अठरा वर्षांच्या मुलालाही हा हक्क आहे. हात चालत नसले तरी निर्णय त्याचाच.

मृत्यूनंतर कुटुंबाला दोन-तीन वेळा भेटावं, पहिल्यांदा दशक्रियेनंतर. एक व्यवहाराची गोष्ट तेव्हाच सांगायची असते. घरातले त्याची खुर्ची, कपडे, औषधं देऊन टाकतात आणि त्या गठ्ठ्यात फाईलही जाते. जनुकीय अहवाल तेवढा काढून ठेवा, त्याची झेरॉक्स मावशीकडे द्या. त्याच्या बहिणीला, मावसबहिणींना उद्या चाचणी करायची झाली तर प्रयोगशाळा पहिल्यांदा तोच कागद मागते.